बंद होता होता राहिलेलं आगगाडी मंडळ

तीर्थस्वरूप जयवंतीताईस,

तांबरमहून कृष्णकांतचा, गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार. मोतीबिंदू काढल्यापासून तुला मिरजेतली धूळसुद्धा स्वच्छ दिसत असेल. आम्ही दोघं ठीक. (कमलिनी जरा जास्तच ठीक आहे, ते पुढे येईल.)

आमचं छोटी आगगाडी मंडळ तुला आठवत असेल. रेल्वेतून निवृत्त झालेली आम्ही मंडळी भाड्याच्या खोलीत, टेबलांवर रूळ मांडून, चिमुकल्या गाड्या चालवतो. (जन्मभर गाड्यांमागे धावून हौस फिटली नाही का, असं तूच विचारलं होतंस.) एके काळी त्या खोलीत उभं राहायला जागा नसे. मग कुणी मुलाकडे अमेरिकेला गेलं, कुणी थेट वर. तरुणांना बोलवावं, तर ते ऑफिसातून सुटतात तेव्हा आम्ही झोपलेले असतो. उरलो पाच जण. भाडं थकलं. आधी सभेतली बिस्किटं बंद झाली, मग कॉफी, मग सभाच. घरमालकीण श्रीरंजनी अम्मा इतक्या सभ्य, की भाडं मागत नसत. जिन्यात भेटल्या की नुसती माझ्या तब्येतीची चौकशी करत. त्या चौकशीनेच माझी तब्येत बिघडू लागली.

शेवटी मंडळ बंद करायचं ठरलं. तर आमच्या नियमांत (ते मीच लिहिलेले, तेव्हा केस काळे होते) असं निघालं, की बंद करायलासुद्धा निदान सात सभासद हजर हवेत. आमचे सचिव कृष्णस्वामी, जन्मभर इंजिन चालवलेले गृहस्थ, म्हणाले की बंद करण्यापुरते दोघे नवे घेऊ. मी कमलिनीला घेतलं, कारण ती वर्षानुवर्षं मंडळाच्या नावाने बोटं मोडत आली आहे. कृष्णस्वामींनी खुद्द अम्मांनाच घेतलं. त्यांना खोली रिकामी हवीच असणार.

सभेत मी ठराव वाचला. कृष्णस्वामींनी कुणाला न विचारता शेवटची म्हणून एक गाडी सोडली. कमलिनी ती बघत राहिली आणि म्हणाली, "इतकी वर्षं गाड्या पळवताय, आणि फलाटावर एक माणूस नाही?"

आमचं लक्ष सिग्नलकडे असतं, असं मी सांगितलं. तिने तोच प्रश्न आपल्या भाजीबाजारापुरत्या तमिळमध्ये अम्मांच्या कानावर घातला. अम्मा उठून खाली गेल्या आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आल्या. ताई, इथे नवरात्रात घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला कोलू म्हणतात. अम्मांच्या आईच्या मातीच्या बाहुल्या, घर लहान झाल्यापासून, पेटीतच पडून होत्या. अम्मांनी भाजीवाली, पोस्टमन, लेकुरवाळी अशी एकेक बाहुली फलाटावर उभी केली. (भाजीवाली इंजिनाहून उंच आहे, पण त्या वेळी कुणाला खटकलं नाही.) कृष्णस्वामींनी गाडी पुन्हा सोडली आणि कधी नव्हे ती फलाटाशी अगदी हलकेच थांबवली. अम्मांनी पदराने डोळे टिपले.

"आई मला पोचवायला यायची स्टेशनावर, अशीच उभी राहायची," एवढंच त्या म्हणाल्या.

मत घेतलं, तेव्हा ठरावाच्या बाजूला मी एकटा. इतक्या आनंदाने मी आयुष्यात हरलो नव्हतो. घरी येऊन भर दुपारी घोरत पडलो.

आता गल्लीतल्या बायका आपापल्या पेट्या घेऊन येतात आणि वर्गणी भरून सभासद होतात. थकलेलं भाडं फिटलं, कॉफी परत आली, वर हरभऱ्याची उसळ. कमलिनी अध्यक्ष झाली आहे. जिन्यात अम्मा भेटल्या तर मी आता स्वतःहून थांबतो.

तुझा, हलका झालेला भाऊ,
कृष्णकांत

ता. क. मी एकटा, असं वर लिहिलंय खरं. पण हात माझाही वर गेला नव्हता. ठराव मांडणाऱ्याचं मत धरावं लागतं, म्हणून धरलं.

आणखी ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. अध्यक्षांनी मुख्य रुळावर, बोगद्याच्या तोंडाशी, चांगला फूटभर गणपती बसवला आहे. पूर्वेकडे तोंड तिथेच येतं म्हणे. तेव्हापासून गाड्या उभ्या आहेत. कृष्णस्वामी रोज येतात, सिग्नल लाल करतात, हात जोडतात आणि घरी जातात. मी मूर्ती हलवली तर पाप, गाडी सोडली तर महापाप. तू कमलिनीची थोरली नणंद. माझा शब्द ती रोज मोडते, तुझा अजून मोडलेला नाही. देवाला फलाट जास्त शोभतो, एवढं सहज सुचल्यासारखं तिला कळव. मी लिहिलं होतं, हे मात्र विसरून जा.