बेडकांच्या खोलीतला दिवा

१४ तारीख, सोमवार, दुपार

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या सासूचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो आणि उरलेला वेळ ती माझ्या नावानं कुरकुरते, म्हणजे सगळं ठीक चाललंय. तुझ्या आईची तब्येत आता सुधारली असेल. तिला माझा नमस्कार सांग.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. तू त्यात एकच गोष्ट विचारली होतीस, बेडकांची पिल्लं न्यायला कधी येऊ. उत्तर एका ओळीचं आहे. पण लिहायला बसलो की ती ओळ काही पुढे सरकत नाही आणि मी उठतो. म्हणून आज आधी त्यांची हकीगत सांगतो, मग त्या ओळीकडे येतो.

तू गेलीस तेव्हा ती टबात होती. काळी, शेपटीवाली. तू त्यांना स्वल्पविराम म्हणायचीस. त्यानंतर त्यांना मागचे पाय फुटले, मग पुढचे, आणि शेपट्या आटत गेल्या. एका सकाळी मी दाढी करायला गेलो तर आरशावर हिरवा थेंब, नखाएवढा. बोटानं पुसायला गेलो तर थेंबानं डोळे मिटले. मी ओरडलो असेन, कारण तुझी सासू धावत आली. तिनं टबावर पिठाची चाळण पालथी घातली आणि मला म्हणाली, "जन्मभर लोकांच्या घरांना काचा बसवल्यात, आता यांचंही घर बसवा."

माशांच्या टाक्या मी आयुष्यात इतक्या बनवल्यात की हात आपोआप तिकडेच वळला. दुकानातल्या जुन्या शोकेसची जाड काच होती, तिची आडवी, लांबट, वरून उघडी टाकी केली. मग तुम्ही दोघांनी ज्याच्याकडून हे बेडूकमासे आणले होते, त्या सरडेवाल्याला बघायला बोलावलं. तो खांद्यावरच्या सरड्यासकट आला. टाकी बघून सरडा गप्प राहिला, पण सरडेवाला हसला. "काका, हे झाडावरचे बेडूक. यांना लांबी नको, उंची हवी. आणि वर झाकण नसलं तर उद्या शेजाऱ्यांकडे चहाला जातील."

इतक्या वर्षांच्या कारागिराला असं कोणी म्हटलं की झोंबतं. पण मग मी टाकीच उचलून उभी केली. उघडी बाजू समोर आली, तिला काचेचं दार लावलं. वरची काच अर्धी कापून तिथे बारीक जाळी बसवली, हवेसाठी. ती काच कापताना माझी रेघ वाकडी गेली आणि पट्टी तिरकी तुटली. याआधी ती कधी वाकडी गेली नव्हती. त्या दिवशी दवाखान्यात सही करतानाही नाही.

काचा जोडायच्या सिलिकॉनचा आंबूस वास पुरता जाईपर्यंत पिल्लांना आत सोडायचं नव्हतं. तोवर मी तळ भरला. खाली खडे, त्यावर डासांची जाळी, त्यावर नारळाच्या भुशाची माती. पाणी वरून झिरपून खड्यांत साठतं आणि माती चिखल होत नाही. एक वाळकी फांदी आणली, ती किडे मरावेत म्हणून उकळायची होती. तुझ्या सासूच्या मोठ्या पातेल्यात उकळली. त्यावरून जे काही ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही, तुझ्या आईनं पत्र वाचलं तर आमच्या घराण्याची अब्रू जाईल. मनीप्लांटचे वेल लावले. पाण्याची बशी अगदी उथळ ठेवलीय, खोल पाण्यात ही पिल्लं बुडतात म्हणे. बेडूक बुडतो, हे मला या वयात कळलं. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच घालतो. इस्त्रीच्या वेळी पाणी मारायची बाटली असते ना, तिनं सकाळ-संध्याकाळ फवारतो. खायला बारीक माश्या आणि रातकिड्यांची पोरं. त्या माश्या केळ्याच्या सालीवर बरणीत पैदा होतात आणि ती बरणी स्वयंपाकघरात ठेवायला परवानगी मिळालीय. यावरून तूच समज, तुझ्या सासूचा त्यांच्यावर किती जीव बसलाय.

आता दिवा.

तुझ्या नवऱ्यानं पिल्लांसाठी आणून ठेवलेल्या खोक्यात एक छोटा दिवा होता आणि एक टायमर. गोल तबकडीचा, कडेनं खुंट्या असलेला. ज्या वेळेच्या खुंट्या दाबाव्यात त्या वेळी दिवा लागतो. त्या आधीच दाबलेल्या होत्या. संध्याकाळी तो कामावरून यायच्या थोडं आधी दिवा लागावा, म्हणजे तो हातपाय धुऊन येईपर्यंत पिल्लं जागी होऊन फांदीवर आलेली असतील, असा त्याचा विचार असणार. मी खुंट्यांना हात लावला नाही. टाकी त्याच्याच खोलीत, खिडकीजवळ ठेवली आणि टायमर जोडला.

पहिल्या संध्याकाळी दाराखालून पिवळी रेघ बाहेर आली. तुझी सासू भाजी चिरत होती. तिनं रेघेकडे बघितलं आणि सहज म्हणाली, "आला वाटतं." मग पुन्हा चिरायला लागली.

दुसऱ्या दिवशीही ती तेच म्हणाली. त्यानंतर एकदा म्हणाली, "विचारा त्याला, जेवणार का आता?" मी उठलो आणि खोलीत गेलो. एक पिल्लू काचेला चिकटलं होतं, पोट माझ्याकडे करून, गळा लपलप हलत होता. मी समोर बसून राहिलो. मग बाहेर येऊन म्हणालो, "भूक नाही म्हणतो."

"बाहेर काहीतरी खाल्लं असेल," ती म्हणाली आणि ताट झाकून ठेवलं.

आता हे रोजचंच झालंय. कधी तो दमलेला असतो, कधी फोनवर असतो. परवा माझ्या तोंडून निघून गेलं की त्याला सर्दी झालीय. तिनं आल्याचं पाणी उकळून दिलं. मी ते खोलीत नेलं, दार लोटून घेतलं आणि स्वतः प्यालो. कप रिकामा बघून तिला बरं वाटलं.

पोरी, मला वेड लागलेलं नाही. माझा मुलगा कामावरून येताना चौकात ट्रकखाली गेला. मी त्याला ओळखलं तेव्हा तू शेजारी उभी होतीस. घरी येऊन तिला मीच सांगितलं, शब्द न फिरवता. तिनं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यानंतर या घरात तो विषय निघालेला नाही. तू राहिली असतीस तर निघाला असता. म्हणूनच तू गेलीस का, हे मी विचारणार नाही. तुझं वय आहे आणि तुझ्यापुढे आयुष्य आहे. आमच्यासारखं दाराखालच्या उजेडाकडे बघत तू का बसावंस?

पण तिच्यापेक्षा मला माझी भीती वाटायला लागलीय. संध्याकाळी दुकान बंद करून येतो, कोपऱ्यावर वळलो की आधी वर बघतो. खिडकीत उजेड असतो. माझी पावलं भराभर पडायला लागतात आणि जिन्यात मी घसा खाकरतो. लग्नाआधी तो खिडकीत चोरून सिगारेट ओढायचा, तेव्हाची ही माझी सवय. बाप येतोय, विझव, असं सांगायची. किती वर्षांनी परत लागली. खाकरल्यावर मी क्षणभर थांबतोसुद्धा, त्याला वेळ मिळावा म्हणून.

गेल्या आठवड्यात टायमर बिघडला. नुसता घरघरायला लागला. सकाळी मी तो काढून खिशात टाकला आणि दुकानाशेजारच्या वायरमनकडे दुरुस्तीला दिला. दिवसभर मनाची तयारी केली की आज खिडकी काळी दिसणार, आणि एका अर्थी बरंच झालं, आज बोलून टाकू. वाक्य ठरवलं होतं. कोपऱ्यावर आलो आणि वर बघितलं.

उजेड होता.

मी तिथेच दिव्याच्या खांबाला धरून उभा राहिलो. बिघडलेला टायमर वायरमनच्या टेबलावर उघडा पडलेला मी डोळ्यांनी बघून आलो होतो. तरी माझ्या मनात पहिल्यांदा कोण आलं, ते तुला सांगायला नको. मी जिना कसा चढलो ते आठवत नाही. खाकरायचं विसरलो.

तुझी सासू ओट्याशी होती. "आज जरा लवकर आला तो," ती पाठमोरीच म्हणाली. मग वळली आणि माझ्याकडे बघितलं. ताप उतरला का, हे पोराच्या चेहऱ्याकडे बघून आई ओळखते ना, तसं. मी खोलीत गेलो. दिव्याची पिन सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसवलेली होती.

बाहेर येऊन ताटावर बसलो. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "दिवा तू लावलास?"

ती वाढत होती. हात थांबला नाही. "तो घरात असला की तुम्ही नीट जेवता," ती म्हणाली.

तेव्हापासून मी या वाक्याची उलटापालट करतोय. तिला सगळं ठाऊक आहे आणि इतके दिवस ती माझ्यासाठी त्याला घरी आणतेय? की तिच्या लेखी तो खरंच आत आहे, आणि फक्त उजेड करायचं राहून गेलं होतं? विचारायला तोंड उघडतो आणि तेवढ्यात ती म्हणते, बघा ना, झोपला का तो. मी उठून बघायला जातो. तिला वाटत असेल, म्हातारा अजून त्यातून बाहेर आलेला नाही. मलाही तिच्याबद्दल तेच वाटतं. दोघांपैकी एक जण दुसऱ्याला सांभाळतोय एवढं नक्की. कोण कोणाला, ते कळेनासं झालंय.

तर तुझं उत्तर. ये. या रविवारीच ये, दिवसाउजेडी. पिल्लं तुझी आहेत, घेऊन जा. न्यायला छोटा डबा, झाकणाला भोकं, आत ओला कागद. हातानं धरू नकोस, हाताचं मीठ त्यांच्या कातडीला बाधतं. टाकी जड आहे, ती मी टेम्पोतून पोचवीन आणि तुझ्या घरी उभी करून देईन.

फक्त एक कर. दार उघडल्यावर लगेच आत येऊ नकोस. उंबऱ्यातच थोडी थांब आणि आमच्या दोघांकडे नीट बघ. आमच्यापैकी जो कोणी तुझ्या खांद्यावरून मागे, जिन्याकडे बघेल, त्याला तू सांग की तुझ्यामागून कोणी येत नाहीये. तुझ्या तोंडून ऐकलं तर ते खरं वाटेल. मागे बघणारा मी नसेन, असं लिहिणार होतो, पण लिहवत नाही.

तुझी, फक्त तुझ्या एकटीचीच वाट बघणारा,

तुझा सासरा