सरळ केसांची बाई

३ फेब्रुवारी

पार्लरवालीचा फोन. चार महिने होत आले, मुळं दिसायला लागली असतील, कधी येताय? म्हटलं, येत नाही. म्हणाली, म्हणजे पुढच्या आठवड्यात? म्हटलं, येतच नाही. केस सरळ करून घेणं बंद केलं. ती म्हणाली, अरेरे. कुणी गेल्याची बातमी दिल्यासारखं झालं.

कारण तिला सांगितलं नाही. इथे लिहिते.

काल आईला अंघोळ घालून तिचे केस पुसत होते. ती म्हणाली, "अहो बाई, तुम्ही फार मनापासून करता हो सगळं. आमची मुलगी आली की सांगते तिला." म्हटलं, आई, मीच तुझी मुलगी. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. चिडली नाही. उलट समजुतीच्या सुरात म्हणाली, "नाही हो. आमची कुरळी आहे. हे एवढं टोपलं डोक्यावर. तुमचे केस सरळ आहेत."

ती काही खोटं बोलली नाही. मी टॉवेल दांडीवर टाकला आणि तिला कपडे घातले.

४ फेब्रुवारी

चौदा वर्षं. दर चार महिन्यांनी तीन तास त्या खुर्चीत, डोळे चुरचुरणाऱ्या वासात. आधी औषध लावायचं, मग एकेक बट गरम चिमट्यात दाबून सपाट करून घ्यायची. पहिल्यांदा आईच घेऊन गेली होती. चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली तो आठवडा. "गिऱ्हाईकासमोर हे जंगल घेऊन उभी राहणार आहेस का?"

त्याआधीची बावीस वर्षं तिने या केसांशी रोज सकाळी भांडण केलं. मी खाली बसायची, ती वर खुर्चीवर. माझे खांदे गुडघ्यांत घट्ट धरलेले. तीन कंगवे तुटले. "कुणावर गेलीस गं?" हे रोजचं. आणि आता तिच्या डोक्यात मी म्हणून जे काही उरलंय ते हेच जंगल. हसू यायला हवं होतं. आलं नाही.

८ फेब्रुवारी

दुकानात दोन बुबुळांमधलं अंतर मोजायची एक पट्टी असते. मिलिमीटरची, पारदर्शक. दिवसभर लोकांच्या नाकावर धरते. आज जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या डोक्यावर धरली. मुळापासून वळण दिसतं तिथपर्यंत केस ताणून मोजला. अडतीस. त्याखाली खांद्यांपर्यंत सरळ.

आत्ताच कापून टाकावेत असंही मनात आलं. पण अडतीस मिलिमीटरला वळण धरत नाही, नुसते उभे राहतात. टायफॉइडमधून उठल्यासारखी दिसेन. आई घाबरेल.

१७ फेब्रुवारी

आईच्या डॉक्टरांना विचारलं, किती वेळ आहे? म्हणाले, तब्येत तर चांगली आहे. म्हटलं, तसं नाही. मुलगी आहे हे किती दिवस लक्षात राहील? त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, अलीकडचं आधी जातं, जुनं मागाहून. पण मागाहून का होईना, तेही जातं. कधी ते सांगता येत नाही.

केस महिन्याला बारा मिलिमीटर वाढतात. ते मात्र सांगता येतं.

मला एवढंच हवंय. तिची कुरळी तिच्या डोक्यातून जायच्या आत माझे केस तेवढे वाढावेत. एकदा "आलीस?" म्हणाली की पुरे. पुढचं नंतर बघू.

२ मार्च

दिवसभर आईजवळ कामाच्या मावशी असतात, नऊ ते सहा. त्यांना काम लावून दिलंय. रोज संध्याकाळी मी चप्पल काढता काढता विचारते, "आज मुलीचं विचारलं?" त्या सांगतात, "विचारलं की. दोनदा. कुरळी अजून कशी आली नाही म्हणाल्या." मग मला बरं वाटतं.

१९ मार्च

काही नाही. बावन्न.

११ एप्रिल

एकसष्ट. वरचा भाग फुगतो, खालचा लोंबतो. जिथे दोन्ही भेटतात तिथे केस तुटतात. उशीवर बोटभर लांबीचे तुकडे सापडतात. पार्लरवाली भाजीच्या दुकानात भेटली. माझ्या डोक्याकडे बघून तिने हातातला टोमॅटो खाली ठेवला.

"अहो, असं अर्धवट काय फिरताय? एक तर इकडच्या व्हा नाहीतर तिकडच्या."

विचारलं, औषधाने परत कुरळे करता येतील का. म्हणाली, करते की. पण केमिकलवर केमिकल चढवलं तर सगळे हातात येतील, मग माझ्या नावाने बोंब मारू नका.

५ मे

धीर धरवला नाही. गरम दांडीने कुरळे करायचं यंत्र आणलं. दुकानाला सुट्टी होती. दीड तास आरशासमोर. लांब लांब स्प्रिंगा झाल्या. आईसमोर जाऊन उभी राहिले.

तिने वर खाली पाहिलं. "कुठे कार्यक्रमाला निघालात का, बाई?" मग हवेत वास घेत म्हणाली, "काहीतरी करपतंय बघा गॅसवर."

मावशी तोंडात पदर धरून हसल्या. मीही हसले. संध्याकाळपर्यंत स्प्रिंगा सुटल्या, केस होते तसे झाले. यंत्र कपाटावर टाकलं.

१४ जून

मालकांनी आत बोलावलं. आधी खुर्ची दिली, म्हणजे काहीतरी अवघड आहे हे कळलं. म्हणाले, "तुमचं काम चोख आहे, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण जरा बांधून येत चला. गिऱ्हाईक आरशात फ्रेम बघायची सोडून तुमच्याकडे बघतं." बरं म्हटलं. उद्यापासून रुमाल बांधीन. मला त्याचं काही वाटलं नाही. आजकाल कशाचंच काही वाटत नाही. लोक बोलतात ते काचेपलीकडून ऐकू येतं.

एक आजीबाई मात्र चष्मा लावून बघतच राहिल्या. म्हणाल्या, "वाढवतेयस होय? वाढव. माझ्या बहिणीचे असेच होते." त्यांच्या बुबुळांमधलं अंतर एकोणसाठ.

९ जुलै

शहाण्णव.

३ ऑगस्ट

आज रविवार, मावशी नव्हत्या. दुपारी आईची नखं कापत होते. ती गप्पा मारायच्या लहरीत. जसं कुणाही बाईला विचारावं तसं विचारत होती.

"तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"आई असते."

"एकटीच?"

"मी असते ना."

"तुम्ही तर इथे असता. मग तिच्याकडे कोण बघतं?"

म्हटलं, बघते एक बाई. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "वाट बघत असेल हो तुमची. ही बोटं राहू द्या. तुम्ही जा घरी."

उरलेल्या चार बोटांची नखं कापली. कात्री धुऊन ठेवली. मग न्हाणीघरात जाऊन बादली भरून वाहेपर्यंत नळाकडे बघत बसले. रडू येईल असं वाटलं होतं, म्हणून गेले होते.

६ सप्टेंबर

दादा आलाय, दोन दिवसांसाठी. वर्षातून दोनदा येतो. दारात पाऊल टाकलं आणि आई म्हणाली, "बाळ्या! किती वाळलास रे."

दादाच्या डोक्यावर आता औषधालाही केस नाही. लहानपणी एवढे दाट होते की न्हावी दोन कात्र्या काढायचा. तिला काही फरक पडला नाही. टकलावरून हात फिरवत बसली. तिने मला सांगितलं, "बाई, हा माझा मुलगा. जरा चहा टाकता का?"

टाकला. साखर जास्त पडली, तरी दोघांनी प्यायला.

७ सप्टेंबर

राग आलाय. बऱ्याच दिवसांनी काहीतरी आलं. सात महिने मी डोक्यावर हे घेऊन फिरतेय आणि याला एका पावलात ओळखलं!

निघताना जिन्यात दादाला बोलले. तो बॅग खाली ठेवून म्हणाला, "अगं, मी पाव्हणा आहे. पाव्हण्याकडे माणूस नीट बघतं. रोजच्या माणसाकडे कोण बघतं?" मग माझ्या रुमालाकडे बोट करून, "आणि हे केसांचं खूळ सोड. तिच्या गोळ्या वेळेवर होतायत ना?" गोळ्या सात वर्षांत एकदाही चुकलेल्या नाहीत. हे त्याला सांगितलं नाही. टॅक्सी खोळंबली होती.

खूळ आहे, मान्य. पण माझ्याकडे दुसरं काय आहे? आवाज ऐकवून झाला, नाव सांगून झालं, तिने शाळेत भरून द्यायचा तो डबा, तिने शिवलेली पिशवी, सगळं समोर धरून झालं. तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली खूण एकच. कुरळी.

१५ सप्टेंबर

एकशे एकोणीस. राग गेला. पुन्हा काही नाही.

२० ऑक्टोबर

मावशींना विचारलं, आज विचारलं? त्या म्हणाल्या, "नाही, ताई. आज नाही काही."

२१ ऑक्टोबर

नाही.

२४ ऑक्टोबर

नाही. मावशी आता मी विचारायच्या आधीच मान हलवतात.

२९ ऑक्टोबर

दहा दिवस. आज मीच आईला विचारलं. म्हटलं, तुमची मुलगी कशी आहे? मीही आता अहोजाहो करते, सोपं जातं. ती खिडकीबाहेर बघत होती. "कोण मुलगी?" एवढंच.

उशीर केला मी. रोज मोजत, पुरतं टोपलं व्हावं म्हणून डिसेंबरपर्यंत थांबायचं ठरवत बसले. शाळेत असल्यासारखी पट्टी घेऊन.

८ नोव्हेंबर

दुकानातून अर्धी रजा घेतली. पार्लरवालीने रुमाल सोडला, बोटांनी चाचपून बघितलं. बोलली नाही. खांद्यावर कापड टाकलं.

"सगळे सरळ काढायचे?"

"सगळे."

"परत वाढायला तीन वर्षं लागतील हो."

"काढा."

वीस मिनिटंही लागली नाहीत. चौदा वर्षांचं फरशीवर पडलं. तिने पाणी मारलं, नुसती बोटं फिरवली आणि आरसा माझ्याकडे वळवला. टोपलं नाही म्हणता येणार. पण वळलेले होते, आपणहून. मान गार पडली. पार्लरवाली हळूच म्हणाली, "अगंबाई, तुम्ही अशा दिसता होय."

घरी गेले. आईने पाहिलं. मी तिच्यासमोर खाली बसले, पाठ करून, लहानपणी बसायची तशी. ती सूप पीत होती. पीत राहिली. वाटी संपली तेव्हा मी उठून धुतली. मग ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

झालं. पट्टी उद्या दुकानात परत ठेवायची.

९ नोव्हेंबर

सकाळी तिच्या खोलीतला पडदा सारला आणि मागून आवाज आला, "आलीस?"

वळले. तिने दोन्ही हात पुढे केले. मी जाऊन बसले. तिने माझ्या डोक्यात बोटं घातली, गुंता लागला तिथे ओढलं. दुखलं. "कंगवा म्हणून फिरवत नाहीस. किती दिवसांनी गं?" म्हटलं, हो, झाले बरेच दिवस. "मला वाटलं विसरलीस आम्हाला." म्हटलं, नाही आई.

मग तिने मला जवळ ओढलं आणि दाराकडे बघत अगदी हळू आवाजात म्हणाली, "आता आलीयस तर राहा. पण त्या सरळ केसांच्या बाईला कामावरून काढू नकोस हं. तू नव्हतीस ना, तेव्हा माझं सगळं तिनेच केलंय. पोटच्या पोरीने केलं नसतं."

नाही काढणार, म्हटलं.

"कुठे गेली पण? सकाळपासून दिसली नाही. हाक मार बरं तिला."

मी उठले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि हाक मारली.