थोरल्या घरचा बार

८ मार्च २००४
सोमवार. कंपनीला सुट्टी, म्हणजे घरी जादा पाळी. यात्रा महिन्यावर आली. मामांनी माळ्यावरची ठासणीची रायफल उतरवली. जेवताना तोच विषय. गेल्या वर्षी बार फुसका निघाला, पालखी उचलताना चुलतघरची माणसं तोंडावर हसली. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, ते अजून डाचतंय. "औंदा दारू वाढवायची. येशीच्या भाईर आवाज गेला पायजे."
बार काढणार हे. थोरल्या घरचा मान. रायफल खांद्याला, गाल लाकडाला.

९ मार्च
कामावर डोक्यात तेच. आवाज बसला कशानं? नळी आतून झिजली. चिंधीचा बोळा सैल बसतो, जोर कडेनं निसटतो. म्हणून दारू वाढवायची, बोळा आणखी घट्ट ठासायचा. नळी थकत चालली तसा भार वाढवत न्यायचा! खंडेनवमीला तर गजाला पॉलिश पेपर गुंडाळून ती आतून घासतात. पूजेला लखलखीत पाहिजे ना. आत गोळीला फिरकी देणारे पीळ होते म्हणे, हे सांगतात, आता बोट घातलं तर गुळगुळीत लागतं.
मी बोट घालायचं नाही. बाईनं शिवायची नसते. कागलच्या कंपनीत लोखंडी भाग तपासायला मी, अख्खी लाइन माझ्या सहीसाठी थांबते, पास का नापास. इथं मी नुसतं लांबून बघायचं.

१५ मार्च
मामा-आत्ती रानात. ह्यांना गोडीगुलाबीनं तयार केलं. भेगा शोधायच्या स्प्रेचे अर्धे उरलेले डबे साहेबांना विचारून आणलेत. मी उंबऱ्याच्या आत, हे सोप्यात, रायफल पोत्यावर. मी सांगेन तसं हे करणार. लाल रंग मारला, मुरू दिला, स्वच्छ पुसला. मग वरून पांढरा. भेग असेल तर आत शिरलेला लाल पांढऱ्यावर उठतो.
हे म्हणाले, "काय न्हाय. बघ की, पांढरी फेक."
म्हटलं थांबा.
मग लाल आला. नळीच्या बुडाशी, जिथं दारू पेटते तिथं. आधी केसासारखी रेघ, मग जाड होत अंगठ्याएवढी लांब. ह्यांचा गाल तिथून वीतभर.
पुसायच्या आत आत्ती परत. विळा विसरला होता. लाल बघून सासूबाईंनी हात जोडले. "बरं केलासा, कुक्कू लावलासा त्ये."

१७ मार्च
मामांना मीच सांगितलं. ह्यांची जीभ उचलत नव्हती. भेग आहे, ती वाढणार, आणि फुटेल तेव्हा सांगून फुटणार नाही.
"माज्या बानं काढला, म्या काढला. कुणाचा डोळा गेला का हात गेला?"
मग चिंचेच्या खोडाला बांधू, लांबून दोरी ओढून आधी एक बार काढून बघू, म्हटलं. मामा ताटावरून उठले. रायफल वर्षात एकदा देवासाठी बोलते, तुझ्या परीक्षेसाठी नाही, म्हणे. दारातून वळून म्हणाले, "आमाला न्हाय जमलं तर मान संभाकडं जाईल. त्येच पायजे व्हय तुला?"
संभा भाऊजी म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ. आम्ही नाही म्हणायची खोटी, ते तयारच. रायफलच नको, असं म्हणणारा गावात एकही नाही. बार नाही तर पालखी हलत नाही.

२६ मार्च
जयसिंगपूरला फोन. आई म्हणाली, "सांगायचं काम तुझं, सांगितलंस. आता गप बस." मी गप बसले की सगळ्यांचं कसं सुरळीत चालतं. चीड आली, फोनच ठेवला.

४ एप्रिल
हे खांदा बांधून घरी आले. गाडीवरून पडलो म्हणे. पडलेले नाहीत. मोरीपाशी हळूच, "देवाची आन हाय, कुणाला बोलू नगंस." संध्याकाळी मामांचा चुलतघरी निरोप गेला, यंदा बार संभानं काढावा.
मला आनंद झाला. इथं तरी खरं लिहिते. पोटभर जेवले, कितीतरी दिवसांनी.
हात धुताना डोक्यात आलं, रायफल तीच आहे. माणूस बदलला फक्त.

६ एप्रिल
ह्यांना म्हटलं, भाऊजींना सांगून टाका.
"काय सांगू? मला म्हायती हुतं म्हणून म्या खांदा बांधला, आन् तुला फुडं घातला? गावात तोंड कुठं दावू? आन् त्यो ऐकतोय व्हय. म्हणंल, थोरल्या घरास्नी मान सोडवंना."
दोन्ही खरं. मी सांगावं तर नवऱ्याला भर गावात उघडं पाडायचं. न सांगावं तर...
भाऊजी दारू दीडपट भरणार म्हणून पारावर सांगत सुटलेत. थोरल्यांचा फुसका, आता आमचा ऐका. रायफल काल त्यांच्याकडे गेली. द्यायच्या आधी मामांनी घासूनपुसून लख्ख केली.

८ एप्रिल, यात्रा
सकाळपासून हलगी. सुनंदा आली, संभा भाऊजींची बायको. नवी साडी, हातात माझ्यासाठी गजरा. पोरगी नुसती हरखलीय. "आक्का, रातभर झोपलं न्हाईत. आरशाफुडं हुबं राहून खांद्याला काठी लावून बघत्यात." दोघीही हसलो.
मग सहज म्हणाली, "तुमी तर कंपनीत लोखंड तपासता. बरी हाय न्हवं ती?"
मी गजरा माळत राहिले. तिचं हसू तसंच राहिलं थोडा वेळ, मग गेलं.
चहा टाकते म्हणून आत आले नि वही काढली. हे सोप्यात बसलेत खांदा बांधून. माझा शब्द न् शब्द ऐकू जाईल त्यांना. चहा केव्हाचा उकळतोय. हलगी देवळाकडे सरकली.
सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिलीय.
"आक्का, बोला की."