सेवेत न धरलेले महिने

शनिवार, १४ जून
दुपार

प्रिय बबडे,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, लेकीला गोड पापा. ती नोकरीला लागली म्हणून मावशीचा पापा बंद होत नाही, तिला सांग. इकडे मी ठीक. गुडघा कुरकुरतो, पण तोही माझ्यासारखाच, कुरकुरत का होईना काम करतो.

पत्र बघून तुला हसू आलं असेल. कालच फोनवर अर्धा तास बोललो, आणि आज ताई पत्र लिहायला बसली. पाकिटावर तिकीट नाही हेही तू पाहिलं असशील. त्याचं कारण सांगते, पण मला जरा वळसा घालून येऊ दे. सरळ यायला पाय उचलत नाही.

काल मी तुला त्या सूटकेसचंच पुराण लावलं होतं. चाकांची, निळी, निरोपसमारंभात शाळेने दिलेली. 'आता जग फिरा,' असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. विज्ञानाचे सर म्हणाले, बाईंच्या हाताखाली प्रयोगशाळेत एकही स्फोट झाला नाही, तर मागून कोणीतरी ओरडलं, "एक झाला होता!" सगळे हसले, मीही हसले, मग रडले. प्रयोगशाळेच्या किल्ल्यांचा जुडगा ट्रेमध्ये ठेवून मी परत केला. टाळ्या वाजल्या. हे सगळं तुला तिखटमीठ लावून सांगितलं. एवढंच नाही सांगितलं की सोमवारी शाळा उघडतेय आणि मी परत जातेय. सहलीला नव्हे, कामाला. काल सकाळी मुख्याध्यापिकांच्या खोलीत उभं राहून तोच जुडगा परत मागून घेतला. त्या बिचाऱ्या कपाटात शोधत होत्या आणि मी भिंतीवरचं वेळापत्रक वाचत होते. समारंभातली फुलं अजून त्यांच्या टेबलावर होती, वाळलेली.

त्यांनी कारण विचारलं. "पेन्शनचा हिशेब चुकला," म्हटलं.

आता बुधवारचं सांगते.

बुधवारी पेन्शन कार्यालयात गेले होते. सुट्टीचा शेवटचा आठवडा, त्यामुळे सगळ्या शाळा तिथेच लोटलेल्या. चित्रकलेचे मास्तर, शाळेच्या बसचे ड्रायव्हर, कुठल्याकुठल्या बाई. बसायला जागा नाही, आणि पंखा फक्त साहेबांच्या डोक्यावर. माझा नंबर आला. खिडकीतला कारकून सर्दीने बेजार होता, पण बोलायला सभ्य. माझे कागद चाळून म्हणाला, "बाई, तुमची तीस वर्षं भरत नाहीत."

तीस भरली तर पूर्ण पेन्शन, नाहीतर कायमची कापलेली. वय व्हायच्या आधी मी निवृत्तीचा अर्ज केला तो तीस भरली या भरवशावरच.

"कशी भरत नाहीत? त्या एका वर्षी बिनपगारी रजा घेतली होती, ती वजा करूनच अर्ज केलाय मी."

"रजा वजा केलीत, पण तिच्यापुढची सुट्टी धरलीत. शाळा बंद व्हायच्या शेवटच्या दिवशी तुम्ही कामावर नव्हता. बिनपगारी रजेला लागून आलेली सुट्टी त्या रजेतच जाते. पगार नाही, पेन्शनची वर्गणी नाही. तेही दोन महिने सेवेत धरता येत नाहीत."

"अहो, पण मी नोकरीत होते!"

"नोकरीत होतात, बाई. सेवेत नव्हता."

रजा सुट्टीला जोडून घ्यावी म्हणजे शाळेचं नुकसान कमी, ही अक्कल तेव्हा मीच चालवली होती. आम्ही शाळेतली माणसं सुट्टी आपल्या हक्काची समजतो. ती कोणी काढून घेईल असं स्वप्नातही येत नाही. आणि त्या दोन महिन्यांसाठी आता मला पुन्हा अख्खं वर्ष काढायचं. अर्ध्यात सोडून जाता येत नाही म्हणे.

कारकुनाला माझा चेहरा बघून दया आली असावी. म्हणाला, "एक वाट आहे. घरच्या कुणाच्या आजारपणासाठी रजा घेतली असेल तर ती सेवेत धरतात. त्या माणसाची सही लागेल, आजाराचं नाव लागेल. हा फॉर्म घरी न्या, निवांत भरा." घरी न्या, असं तो दोनदा म्हणाला. मुद्दाम सांगते, म्हणजे मला सवलत द्यायचं तुझ्या मनात येऊ नये.

बबडे, मी घरी नेला नाही. मला कसला संताप आला होता कोण जाणे. सूटकेस, टाळ्या, ट्रेमधल्या किल्ल्या, सगळं डोक्यात गेलं. मी खिडकीवर हात आपटला आणि ओरडले, "माझी बहीण वेडी झाली होती! तिचं तान्हं पोर मांडीवर घेऊन बसले होते मी! आणि तुम्ही त्याला सुट्टी म्हणता?"

आणि माझ्या पाठीमागून, रांगेतून, एक गोड आवाज आला. "आम्हाला तर कावीळ म्हणून सांगितलं होतं."

वळून पाहिलं तर तुझ्या मोठ्या जाऊबाई. गळ्यात चष्मा, हातात फाइल. संगीत शिकवणाऱ्या जाऊबाईंनाही याच वर्षी निवृत्त व्हायचं असतं, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. फॉर्म घेतला आणि तोंड लपवून बाहेर पडले.

आणि काल तू फोनवर म्हणालीस, "अगं, मोठ्या जाऊबाई रविवारी संध्याकाळी येतायत, इतक्या वर्षांनी स्वतःहून! त्यांच्यासाठी काय करू?" तेव्हा मी काय केलं? सूटकेसची चाकं किती गुळगुळीत फिरतात ते सांगितलं. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

ती कावीळ आपण तिघांनीच जन्माला घातली. तू पडलेली, जावईबापू आणि मी स्वयंपाकघरात उभे. तुझ्या सासरी काय सांगायचं? ते म्हणाले ताप, मी म्हटलं कावीळ, कावीळ लांबते. लेकीलाही आपण तेच सांगत आलो. तुला त्याचा किती आधार होता, हे मला ठाऊक होतं. आजवर माझ्या तोंडून एक अक्षर गेलं नाही, याचा मला केवढा गर्व होता म्हणून सांगू! दवाखान्यातल्या आयाने तुझ्यासमोर 'वेडी' म्हटलं तेव्हा मी तिच्या अंगावर धावून गेले होते. "ती आजारी आहे. पुन्हा हा शब्द काढायचा नाही." तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस, पण तू ऐकलंस. बरी झाल्यावर मला म्हणाली होतीस, त्या दिवसांतलं मला तेवढंच आठवतं, ताई. आणि तोच शब्द मी भर रांगेत, दोन महिन्यांसाठी वापरला.

अजून एक आहे. तेही लिहिते, नाहीतर हे पत्र अर्धंच खरं. ओरडायच्या आधी, कारकून बोलत असताना, माझ्या मनात आलं होतं: त्या वर्षी मी हिच्याकडे गेलेच नसते तर. क्षणभरच. पण आलं.

त्यानंतर मी बसस्टॉपवर बसून ते महिने एकेक करून आठवले. लेकीचं दूध मनगटावर थेंब टाकून बघायची आणि तेवढ्याने समाधान नाही म्हणून थर्मामीटरही बुडवायची. तू एकदाच त्या काळात हसलीस ती त्या थर्मामीटरला. मग एका सकाळी दारात उभी राहून म्हणालीस, "दे इकडे तिला." मी दिली, आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. शाळेतल्या सगळ्या वर्षांत इतका स्वच्छ आठवणारा एकही दिवस माझ्याकडे नाही. ते महिने कोणी कुठे धरले नाहीत तरी चालतील. मला काही गमवावं लागलं, असं कधी मनात येऊ देऊ नकोस. सोमवारपासून परीक्षानळ्या धुणार आहे, एवढंच.

तो फॉर्म मी तुझ्यासमोर आणणार नाही. आणला तर तू एक शब्द न बोलता सही करशील, मी ओळखते तुला. मग मला माफी मागायला तोंडच उरणार नाही.

जाऊबाई उद्या संध्याकाळी येतील. लेक घरी असेल. तिला काय सांगायचं, सांगायचं की नाही, ते तू ठरव. त्यांच्या तोंडून कळण्याआधी तुझ्या हातात एक दिवस असावा म्हणून हे पत्र मी टपालात टाकलं नाही. स्वतः घेऊन आले. तू हे वाचत असशील तेव्हा मी तुझ्या जिन्यात, खालून तिसऱ्या पायरीवर बसलेली असेन. बेल वाजवायचा धीर झाला नाही, म्हणून दाराखालून सरकवलं.

दार उघडायलाच हवं असं नाही. संध्याकाळची बस आहे, तिने मी परत जाईन आणि मनात काही ठेवणार नाही. पण उघडलंस, तर आधी मला दोन शिव्या घाल. लगेच आत ये म्हणू नकोस.

तुझ्या दाराबाहेर बसलेली,
ताई