हीटरजवळची खुर्ची

२ डिसेंबर
सोक्चो या बंदराच्या शहरात पोचलो. समुपदेशन केंद्र तिसऱ्या मजल्यावर, खाली सुक्या माकूल-मासळीचं दुकान. शाळा अर्धवट सुटलेली असूनही समुपदेशक हाम बाईंनी नुसतं अक्षर बघून मला नोंदणीच्या टेबलावर घेतलं. इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. बाईंनी एकच नियम दोनदा सांगितला: त्यांची खुर्ची दाराजवळ, येणाऱ्याची खिडकीशी. माणूस चिडला तर बाहेरची वाट बाईंच्या पाठीशी हवी.

९ डिसेंबर
आज मा ग्वांग-सप आले. वय बाहत्तर, शेजाऱ्याला मारहाण केली म्हणून कोर्टाने आठ बैठका लावल्यात. भिंतीपलीकडून त्यांचं ओरडणं ऐकू आलं. बाईंचा आवाज उलट खाली गेला. राग आलाय, दिसतंय मला, बोला, म्हणाल्या. पण टेबलावर पुन्हा हात आपटलात तर आजची बैठक संपली. ते गप्प झाले. जाताना बूट चढवत मला म्हणाले, काय रे पोरा, तुझी बाई म्हाताऱ्याला गारठ्यात बसवते आणि स्वतः हीटर शेकते. बापालाही असंच बसवतोस का?

१६ डिसेंबर
बर्फामुळे बाईंना उशीर. मा आजोबा कुडकुडत होते. हीटर दाराजवळ, त्याची वायर खिडकीपर्यंत पोचत नाही, म्हणून मी खुर्च्यांची अदलाबदल केली. उबेची जागा वडीलधाऱ्यांची; आमच्याकडे कुणीही हेच केलं असतं. शहाणा आहेस, म्हणाले. बाई आल्या. खुर्च्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बसलेल्या म्हाताऱ्याला उठवणार कसं? त्या खिडकीशी गेल्या. दार लागलं.

या वेळी ओरडणं नाही. काहीच नाही. पन्नास मिनिटांनी ते एकटे बाहेर आले. बाई विचार करतायत, आत जाऊ नकोस, म्हणाले. मी गेलो नाही. अर्धा तास गेलो नाही.

खिडकी उघडी होती.

१९ डिसेंबर
पोलीस म्हणतात, बाईंनी स्वतःच उडी मारली. खुर्च्यांचं सांगितलं. साहेब हसले — अरे वेड्या, म्हाताऱ्याला ऊब दिलीस, चांगलंच केलंस की! कुणी लिहूनही घेतलं नाही.

२३ डिसेंबर
कागद आवरायला आलो. दुपारी तीन. मा आजोबा आले. त्यांचीच वेळ. सहा बैठका उरल्यात म्हणे, कुणीतरी बसायला हवं. मला आत खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. नाही म्हणता आलं नाही — वयाने एवढे मोठे —

दार त्यांच्या पाठीशी. लिही, लिही, मी थांबतो, म्हणाले.

बाईंचं वाक्य म्हणून पाहिलं, राग आलाय, दिसतंय मला. पण हे आवाज चढवतच नाहीत. हळू बोलतायत, अगदी मायेने. माझं काय काय चुकलं ते एकेक सांगतायत. आणि सगळं खरं —

बाईंनाही असंच —

आता म्हणतायत, वही ठेव बाळा, ऊठ, आणि