रॉकेल वर पोहोचलं

सेंट थॉमस माउंट, चेन्नई
बुधवार

प्रिय नंदिता,

आधी खाली बस, मग वाच. मी चेन्नईला परत आलेय, आपल्याच अकादमीत, शिकवायला! ज्या मैदानावर पंचवीस वर्षांपूर्वी आपण दोघी घामाने निथळत धावलो, तिथे आता मी शिट्टी घेऊन उभी असते. मुलं मला घाबरतात, विश्वास बसतो का तुझा?

मला आर्मी सर्व्हिस कोअर मिळाली तेव्हा आप्पा म्हणाले होते, "सैन्यात जाऊन तांदूळ-डाळच पोहोचवायची होती, तर जॉर्ज टाउनात दुकान घातलं असतं." मला ते फार लागलं होतं. पण दोन हिवाळ्यांपूर्वी लडाखमध्ये काय झालं ते ऐक. वरच्या चौकीत एकोणीस जवान, शेगडीला तीन दिवस पुरेल एवढंच रॉकेल, आणि दरड कोसळून रस्ता बंद. माझ्या गाड्या खाली अडकलेल्या. मी हवालदार नागोजीला विचारलं, "खेचरं किती मिळतील?" तो म्हणाला, "बारा, मॅडम. उरलेलं पाठीवर घेऊ." अकरा किलोमीटर बर्फातून चाललो. एक कॅन मीही उचलला, खांदा आठवडाभर दुखत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो, तर चौकीचे सुभेदार सलाम करायचंही विसरले. आधी त्यांनी शेगडी पेटवली. मी सगळ्यांसमोर रडले, आणि मला लाज वाटली नाही.

त्या क्षणी तुझी आठवण आली. ट्रेनिंगच्या चाळिसाव्या आठवड्यात तुझा गुडघा मोडला नसता, तर त्या वाटेवर तू माझ्या पुढे असतीस. तू अकादमी सोडलीस तेव्हा निरोप द्यायलाही मी आले नाही. तुझ्याकडे बघायचं धैर्यच नव्हतं. चुकलं माझं.

आता खरी बातमी. तुझी लेक भव्या माझ्या हाताखाली शिकते! शनिवारी तिची पासिंग आउट परेड, आणि पोरीने माझीच कोअर मागून घेतलीय. तू फोनवर ट्रेनिंगचा विषय निघाला की गप्प होतेस, असं ती सांगत होती. परेडनंतर घरची माणसं खांद्यावर स्टार लावतात. एका बाजूला तिचे बाबा, रविकांत, लावतील. "दुसऱ्या बाजूला तुम्ही लावाल, मॅडम? अम्मा येणार नाही," असं ती खाली मान घालून म्हणाली. मी तिला नकार दिलाय, नंदिता. म्हणून हे पत्र. शुक्रवारी तंजावरहून निघ. तिचा तो खांदा मी रिकामा ठेवलाय.

तुझीच,
जयवंती