बाबांनी हात धरला नाही

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (एरवी हा शब्द आपण सवयीने लिहितो. परवा मी तो आठही अंगांनी चिखलात घालून आले आहे, तेव्हा आजचा शब्दशः घे.) तुमच्याकडे सगळे खुशाल आहेत हे वाचून बरं वाटलं. इकडेही मी सोडून सगळे खुशाल आहेत, आणि माझं दुखणं तेच आहे.

पैजेचं काय झालं ते कळव, पण तुझ्या बाजूने रंगवून नको, असं तू लिहिलंस. मी कधी काय रंगवलं? मुद्रितं तपासून पोट भरणारी बाई मी. दुसऱ्याच्या लेखातला स्वल्पविराम हलवला तरी जेवण गोड लागत नाही. तरीही पहिल्यापासून सांगते, म्हणजे अन्याय कुठे झाला ते तुझं तुलाच दिसेल.

आई गेल्यापासून बाबा त्या तिसऱ्या मजल्यावर एकटे, लिफ्ट नाही. आमच्याकडे या म्हणून मी किती दिवस मागे लागले आहे. मागची खोली रंगवून घेतली, पडदे शिवले, वाचायला दिवा लावला. त्यावर त्यांचं उत्तर, मी काय पार्सल आहे का. शेवटी तू मध्ये पडलीस आणि पैज लागली: जंगलातल्या त्या धबधब्याच्या पायथ्याशी उतरायचं आणि परत वर यायचं, कुणाचाही हात न धरता. जमलं तर मागच्या खोलीचा विषय कायमचा बंद. नाही जमलं तर बाबा सामानासकट आमच्याकडे. काठी चालेल. पंच माझा नवरा. इथेच मी फसले. त्याला तू लग्नापासून होयबा म्हणतेस. मला वाटत होतं तो फक्त माझा होयबा आहे. सासऱ्यांचाही आहे, हे उतारावर कळलं.

वर पाटी होती की वाट निसरडी आहे, प्रकृती नाजूक असणाऱ्यांनी उतरू नये. बाबांनी ती मोठ्याने वाचली आणि मला म्हणाले, बघ बाई, थांबायचं तर थांब. त्या जंगलात ऊन खाली पोचतच नाही. झाडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांवरून टपटपणारं पाणी, आणि पानापानावर आपल्याच वाटेकडे डोळे लावून बसलेल्या जळवा. जमीन म्हणून नाहीच, नुसती एकमेकांत गुंतलेली मुळं, साबण लावल्यासारखी. फारच उभं असेल तिथे झाडाला दोर बांधलेला. (दोर म्हणजे हात नव्हे, असा पंचांनी पहिल्याच वळणावर निर्णय दिला. मी हरकत घेतली. ती फेटाळली गेली.) बाबा दोराला धरून पाठमोरे उतरत होते, माळ्याच्या शिडीवरून उतरावं तसे, आणि वर शीळ घालत होते. मी मागून नुसतं 'जपून, जपून' म्हणत होते. या 'जपून'ने माझा तोल जातो, अशी त्यांनी पंचांकडे तक्रार केली आणि मला तोंड बंद ठेवायला सांगण्यात आलं. काळजी करणाऱ्याला गप्प बसवायचं, असा हा न्याय.

आता मुख्य प्रसंग. पायथा दिसू लागला होता, तुषारांनी सगळे दगड ओले. मी बाबांच्या पावलांवर इतकी नजर ठेवून होते की माझी पावलं कुठे पडताहेत हे बघायचं राहून गेलं. पाय सटकला आणि जे हाताला लागलं ते धरलं. तो बाबांचा हात होता. ते काठी रोवून जागचे हलले नाहीत, हे मान्य करायला हवं. मी मात्र आडवी. आणि तशा अवस्थेतही, ताई, माझी बुद्धी शाबूत होती. पाण्याच्या गर्जनेवर आवाज चढवून मी म्हणाले, "हात धरला."

"तू धरलास," बाबा म्हणाले. "मी कुठे धरला?"

पंचांनी एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि निकाल दिला की पैज बाबांनी कुणाचा हात न धरण्याची आहे, इतरांनी त्यांचा न धरण्याची नाही. मी अजून चिखलातच होते, तिथून मी अपील केलं. त्यावर बाबा काय म्हणाले असतील? "मुद्दाम पडली ती. लहानपणापासून हिचा रडीचा डाव."

मी मुद्दाम पडले का? या प्रश्नाचा मी डायरीत दोन पानं विचार केला आहे. पडण्याच्या थोडं आधी, आता बाबा घसरले तर बरं, असं मनात येऊन गेलं, हे मला नाकारता येत नाही. (हलकेच, लागणार नाही इतपत, अशी मी लगेच दुरुस्ती केली होती.) पण स्वतः पडावं असं काही आलेलं आठवत नाही. आणि मुद्दाम पडणारा माणूस जागा तरी बरी निवडेल. मी अजून उशी घेऊन बसते.

धबधबा कसा होता, विचारशील. मोठा होता. मी त्याच्याकडे पाठ करून पोटरीच्या जळवा काढत होते. बाबा टोपी काढून, तोंड वर करून तुषारांत उभे होते, बऱ्याच दिवसांनी नळाला पाणी आल्यावर पोर उभं राहतं तसे. मग चढून वर आलो, पंचांनी विजय जाहीर केला, आणि वरच्या चहाच्या टपरीवर बाबांनी ओळख ना पाळख अशा माणसांना सांगितलं की खाली मुलीला आधार द्यावा लागला. मला! मागच्या खोलीत आता इस्त्रीचं टेबल आहे.

भाऊजींना नमस्कार, मुलांना पापा. राग बाबांवर आणि पंचांवर आहे, तुझ्यावर थोडाच.

तुझी,
अन्याय झालेली धाकटी

ता.क. वर एक गोष्ट लिहिली नाही. चढताना नवरा पुढे गेला होता. शेवटच्या उभ्या चढाआधी बाबा झाडाला टेकून थांबले. शीळ केव्हाच बंद झाली होती. मी नेच्यांची पानं निरखायचं सोंग केलं. बऱ्याच वेळाने, दुसरीकडे बघत, त्यांनी हात पुढे केला. मी धरला. हाताला काही वजनच नव्हतं गं. वळणाआधी आम्ही सोडला, आधी कोणी ते सांगता येणार नाही. वर पंचांनी रीतीप्रमाणे विचारलं, आणि मी म्हणाले, नाही, नाही धरला. हरलेल्या बाबांना आणून ठेवायला मी ती खोली रंगवली नव्हती. तेव्हा तूही बाबा जिंकले असंच धर, आणि त्यांचं अभिनंदन कर.

ता.ता.क. पत्र खरं तर याचसाठी लिहायला घेतलं. त्यांच्या बाथरूममध्ये भिंतीला धरायला एक मजबूत दांडी बसवून घ्यायला हवी. मी नाव काढलं तर दांडीसकट मला जिना उतरवतील. तू सुट्टीत येणार आहेस, तेव्हा तुझ्यासाठी हवी आहे असं तूच त्यांना लिही. म्हणजे आजपासून तुझा गुडघा दुखतो. डावा की उजवा ते ठरव आणि मला आधी कळव. मला उगाच खोटं बोलायला आवडत नाही.